दुपारचा डबा

दिंडोरी, मार्च

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुपारी डबाभर भात खाऊन लेक्चरला बसतेस, मग झोप येणारच. भात नको म्हणून रोज दुकानातलं गारढोण सँडविच विकत घेणंही काही खरं नाही. त्यापेक्षा चिकन-द्राक्षांचं सॅलड करत जा. आदल्या रात्री करून ठेवलंस की सकाळी नुसतं डब्यात भरायचं.

चिकनमध्ये फळं म्हटल्यावर आजीने नाक मुरडलंच. मी तिला सांगितलं, १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत गार चिकन होतं, त्याच्या मेयोनीजमध्ये करी पावडर आणि जर्दाळूचा गर होता. लंडनमध्ये स्वयंपाकाची शाळा चालवणाऱ्या रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय या दोघींची ती करामत. तुझ्या इंग्लंडातलं 'कोरोनेशन चिकन' (राज्याभिषेकाचं चिकन) सँडविच त्याच घराण्यातलं. आजी म्हणाली, "राणीचं राणीला लखलाभ."

आता नीट वाच. चिकनचे दोन ब्रेस्ट पीस घे, दोन दिवसांचं काम होईल. बुडतील इतक्या गार पाण्यात मीठ, चार मिरे, दोन लसूण पाकळ्या आणि तमालपत्राबरोबर ठेव. उकळी फुटली की आच इतकी कमी कर की पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. खळखळ उकळलंस तर चिकन चिवट होतं आणि मग मेयोनीजचं अख्खं भांडं ओतलंस तरी ते मऊ होत नाही. पंधरा मिनिटांनी सगळ्यात जाड भागात सुरी घालून बघ. आत जरासुद्धा गुलाबी दिसता कामा नये, दिसलं तर अजून थोडं ठेव. मग बाहेर काढून गार होऊ दे आणि हातानेच मोठे तुकडे तोड. गरम चिकनवर दही घातलंस तर ते फुटून पाणी सुटेल.

तिथे घट्ट ग्रीक दही मिळतं, त्यामुळे चक्का बांधत बसू नकोस. तीन चमचे दही, एक चमचा मेयोनीज, अर्धं लिंबू, मिरपूड, मीठ आणि मोहरीची पेस्ट अगदी पाव चमचा. ती इंग्लिश मोहरी नाकात जाते, जपून. कुरकुरीतपणासाठी सेलरीचे दांडे बारीक चिर आणि अक्रोड भाजून घाल. अक्रोड मात्र खायच्या वेळी, नाहीतर मऊ पडतात.

द्राक्षं धुतल्यावर फडक्यावर पसरून पुरती कोरडी कर, मग उभी चीर. हे दिवस आपल्या नाशिकच्या मालाचे आहेत. ऑक्टोबरात छाटणी झालेल्या बागांची द्राक्षं आत्ता बोटीने तिकडे पोचतात, पाकिटावर 'इंडिया' दिसलं तर तेच उचल. फार गोड, पिवळट झालेली नकोत, सॅलडला जरा आंबटसर हिरवी बरी. सफरचंद घालणार असशील तर सालासकट चिरून लगेच लिंबू चोळ, म्हणजे काळं पडणार नाही. ताजं अननस आणि किवी मात्र आदल्या रात्री अजिबात घालू नकोस. त्यांच्या रसाने दही कडू होतं आणि चिकन पिठूळ लागतं. विकतच्या टिनमधलं अननस चालतं, ते तापवून भरलेलं असतं. माझं मत विचारशील तर ते निव्वळ साखरपाणी.

शिजल्यापासून दोन तासांच्या आत चिकन फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, गप्पा मारत ओट्यावर विसरू नकोस. दोन दिवसांत संपव. लायब्ररीत डबा त्या खोली तापवणाऱ्या गरम रेडिएटरजवळ ठेवत असशील तर ते ठेवणं आधी बंद कर.

चिकन शिजवलेलं पाणी ओतून देऊ नकोस, गाळून ठेव. त्यात मूठभर तांदूळ, आलं आणि मिरपूड घातली की रात्रीची पेज होते. भाताची हौस रात्री भागव.

बाबांचे आशीर्वाद. रविवारी फोन कर.

तुझी,
आई