शीग लावून की सपाट?

सिस्टर,

हे पत्र बघून तुम्ही "एवढं काय त्यात?" म्हणणार, हे ठाऊक आहे. म्हणूनच चारचौघांत लिहितेय. इथं तुम्हाला मला गप्प करता येणार नाही.

जलसंजीवनीचं, म्हणजे जुलाबात पाजायच्या साखर-मिठाच्या पाण्याचं पत्रक तुमच्या हाती येण्याआधी दोनदा लिहून झालं होतं. पहिला मसुदा 'भाषा भारदस्त करा' असा शेरा घेऊन परत आला. केली भारदस्त. 'जुलाब'चं 'अतिसारजन्य निर्जलीकरण' झालं, 'पाजा'चं 'पाजण्यात यावे' झालं. मग 'त्रोटक वाटतं' असं आलं. तेव्हा मी १९७१ सालची हकिकत घातली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी तोंडानं पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. पुढं मातृहृदयाला आवाहन. आणि तळाशी एका ओळीत कृती. वरच्यांना फार आवडलं. शाळेतही असंच लिहिलं की मार्क मिळायचे; वाचणारा ते वाचून काय करणार, असं एकाही मास्तरांनी कधी विचारलं नाही.

तुम्ही तेही विचारलं नाहीत. कागद टेबलावर ठेवलात, तांब्याभर पाणी आणलंत आणि माझ्यासमोर ते बनवायला बसलात. पहिली दोन पानं बोटानं सरकवत गेलात, कृती सापडेपर्यंत. 'सहा चमचे साखर.' खणातून दोन चमचे काढलेत, एक चहाचा, एक मोठा. "यातला कुठला?" मी म्हटलं, चहाचा. चमचा साखरेत बुडवून वर काढलात, तसाच धरून ठेवलात.

"शीग लावून की सपाट?"

मला उत्तर येत होतं. १ लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. कागदावर मात्र ते नव्हतं. शीग लावली तर मीठ कितीतरी वाढतं, आणि जुलाबानं आधीच सुकलेल्या लेकराला जास्तीचं मीठ धोक्याचं. सिस्टर, त्या क्षणी तुम्हाला काहीही बोलता आलं असतं. मी ऐकूनही घेतलं असतं. तुम्ही खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरलीत, बस. शब्द मीच लिहिला. दुसऱ्याची चूक त्याच्याच हातानं सुधारू द्यायची आणि आपण तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचं, ही माणुसकी कुठल्या वर्गात शिकवतात कोण जाणे. शेरे मारायला मात्र सगळे तयार असतात.

मग एवढंच म्हणालात, "रात्री दोनला, एका हातात पोर घेऊन वाचणार आहे ती आई."

त्या दिवसानंतर तुमची रात्रपाळीची नोंदवही मी नीट बघितली. 'उलटी एकदा, लघवी झाली, पाणी मागितलं.' वेळ लिहिलेली, विशेषण एकही नाही. सकाळच्या पाळीच्या सिस्टरला विशेषणाचा काय उपयोग? तिला पुढं काम चालू करायचंय. छावणीची हकिकतही वाईट नव्हती, फक्त माणूस चुकला होता. साध्या पाण्यानं काय होणार म्हणून सलाइनचाच हट्ट धरणाऱ्यासाठी ती आहे. त्याला पटवायचं असतं. त्या आईला पटलेलंच असतं; तिचा हात चमच्यापाशी अडलेला असतो. पटवणं, नोंदवणं आणि करून दाखवणं मी एकाच कागदात कोंबलं होतं, आणि त्यालाच चांगलं लेखन समजत होते.

हकिकत आता वेगळी लिहिलीय, सलाइनवाल्यांसाठी. पत्रक एका पानावर आलं. 'फारच साधं झालं,' अशी कुरकुर झालीच. झाली तर झाली. 'सपाट' हा शब्द दोन्ही ठिकाणी ठळक छापून घेतलाय.

तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिलीय. पुढच्या पाळीला आणून देते.