आधी भार, मग बाह्यरेषा

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लाइफ क्लासच्या, म्हणजे समोरच्या मॉडेलवरून माणूस काढण्याच्या वर्गाच्या, कागदांचे फोटो पाहिले. डोकं मोठं होतं, पाय आखूड पडतात आणि माणूस कलंडल्यासारखा दिसतो, ही तुझी तक्रार बरोबर आहे. पण त्यावरून ‘मला माणूस जमणारच नाही’ असं ठरवू नकोस. या दोषांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि एक तर निव्वळ बसण्याच्या पद्धतीत आहे.

फोटोत तुझा बोर्ड मांडीवर जवळजवळ आडवा दिसतो. अशा वेळी कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, आक्रसलेला दिसतो, आणि हात नकळत तो भाग मोठा काढतो. बोर्ड उभा केला की डोकं-खांदे फुगलेले आणि पाय तोकडे! ईझल (बोर्ड उभा ठेवायची घोडी) मिळालं नाही तर समोर खुर्ची तिची पाठ तुझ्याकडे करून ठेव, बोर्डाची खालची कड मांडीवर घे आणि मागची बाजू खुर्चीच्या पाठीला टेकव. नजर कागदावर काटकोनात पडायला हवी. मॉडेलपासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट, जमल्यास तिप्पट अंतरावर बस.

पाय आखूड पडण्याचं दुसरं कारण म्हणजे डोक्यापासून काढत काढत खाली येणं. पावलांपाशी पोचेपर्यंत कागद संपतो. आधी माथा आणि टाच अशा दोन खुणा कर, मग मध्याची. उभ्या प्रौढ माणसाचा मध्य साधारण जांघेपाशी येतो, बेंबीपाशी नाही. एकूण उंची सुमारे साडेसात डोकी, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या साडेसातपट, भरते, पण हा आकडा ताळा करण्यापुरताच. समोरचा माणूस सात डोक्यांचा असेल तर सातच काढ. मोजताना पेन्सिल धरलेला हात पूर्ण ताठ आणि एक डोळा मिटलेला हवा. कोपर जरा वाकलं की माप बदलतं.

आता कलंडण्याचं. इथे मात्र घाई करू नकोस. तू कानापासून खांदा, खांद्यापासून दंड अशी कडेकडेने जातेस. प्रत्येक तुकडा जवळपास बरोबर येतो, पण शरीराचा भार कुठे आहे ते कागदावर येतच नाही. उजव्या पायावर भार असेल तर कमरेची उजवी बाजू वर जाते, डावी खाली उतरते आणि डावा गुडघा सैल पडतो. तोल सांभाळायला खांदे बहुधा उलट कलतात, उजवा खाली. त्यामुळे बरगड्या आणि कंबर यांच्यामधली उजवी बाजू दबते, डावी ताणली जाते. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला सरळ लोंबता दोरा, भार असलेल्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ येतो. तुझा तिसरा कागद बघ: खांदे आणि कंबर दोन्ही आडव्या रेषेत, ओळंबा दोन पावलांच्या मधोमध, आणि डावा गुडघा मात्र वाकलेला. मग तो माणूस उभा राहणार कशावर? दोऱ्याला एखादा नट बांधून जवळ ठेव आणि एक डोळा मिटून मॉडेलसमोर धर.

रोज सुरुवातीला एकेक मिनिटाची दहा स्केचेस कर. त्यांत फक्त चारच गोष्टी: कण्याचा बाक, खांद्यांची तिरकी रेषा, कमरेची तिरकी रेषा आणि भाराचा पाय. मग दोन-दोन मिनिटांची पाच, आणि त्यानंतरच अर्ध्या तासाचं एक. साधा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कोरा कागद) आणि चारकोल (कोळशाची कांडी) पुरे. पेन्सिलचं टोक हातात असलं की मनगट हलतं आणि आपण पापण्यांत अडकतो. चारकोल आडवा धरला की हात खांद्यापासून फिरतो. खोडरबर बॅगेतच राहू दे.

हाताचे पंजे आणि पावलं तू लहान काढतेस. जवळजवळ सगळेच काढतात, कारण तिथे पोचेपर्यंत भीती बसलेली असते. पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याएवढा असतो. पाऊल कोपर ते मनगट एवढं. बोटं सुटी काढण्याआधी चारही बोटांचा मिळून एक ठोकळा काढ, अंगठा वेगळा. बोटांच्या मुळांची हाडं सरळ रेषेत नसून कमानीत असतात, ती कमान चुकली की हात फणीसारखा दिसतो.

मांडी तुझ्या दिशेने आलेली असेल तेव्हा ‘मांडी लांब असते’ हे विसरायचं. पेन्सिलीने तिची दिसणारी लांबी आणि रुंदी ताडून बघ. कित्येकदा रुंदीच जास्त भरते. मग मांडी आणि खुर्ची यांच्यामधली रिकामी जागा काढ. त्या जागेच्या आकाराबद्दल मनात आधीचं काही नसतं, म्हणून ती खरी उतरते.

फोनवरच्या फोटोंवरून काढणं महिनाभर बंद कर. फोटोत कडा आयत्या मिळतात आणि तुझी जुनी सवय घट्ट होते. त्यापेक्षा सीएसएमटीला लांबच्या गाड्यांच्या फलाटांकडे जा. लोकलचा प्रवासी तीन मिनिटंही स्थिर नसतो, पण मेलची वाट बघणारे सामानाला टेकून तासभर बसतात. साडीतल्या बाईचं स्केच करताना चुण्या मोजू नकोस. कापड कुठून ताणलंय ते शोध, खांदा, गुडघा की कंबर. चुण्या तिथूनच निघतात. चित्रकार धुरंधरांच्या (१८६७–१९४४) चित्रांतल्या नऊवारीतल्या बायका या नजरेने पुन्हा बघ, कापडाखालचा गुडघा नेमका कळतो.

पुढच्या वेळी अर्ध्या तासाचे कागद नकोत, एका मिनिटाचे पाठव. बिघडलेलेही. आणि प्रत्येकावर ओळंब्याची रेषा लाल पेन्सिलने आखून पाठव.

तुझी,
आई