फीचे पैसे वेगळ्या खात्यात का नाहीत?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत एका सकाळी माझ्या मुलीच्या क्लासच्या शटरवर कागद चिकटवलेला दिसला : 'काही तांत्रिक कारणास्तव पुढील सूचनेपर्यंत वर्ग बंद राहतील.' खाली ना सही, ना फोन नंबर. मुले दप्तरे घेऊन पायऱ्यांवर बसली होती. सरांचे तीन महिन्यांचे पगार थकले होते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. पुढील सूचना आजवर आलेली नाही, पण दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून ८,००० रुपये मात्र न चुकता कापले जातात.

हे कसे घडले ते सांगतो, कारण असंख्य घरांत हेच घडते आहे. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांची फी २ लाख, वर १८ टक्के जीएसटीचे ३६ हजार. प्रवेशाच्या वेळी ४४ हजार भरले. उरलेल्या रकमेचे 'बिनव्याजी २४ हप्ते करून देतो' असे समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलाने सांगितले, माझा फोन हातात घेतला, दोन ओटीपी टाकले आणि पेढा पुढे केला. मी समजलो, क्लासला हप्त्याने फी देतो आहे. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका वित्त कंपनीचे १ लाख ९२ हजारांचे कर्ज निघाले होते. ते सगळे पैसे क्लासच्या कंपनीला तेव्हाच मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता करार होण्याआधी कर्जदाराला द्यावा लागतो. तो मला ईमेलवर इंग्रजीत आला होता. मी तो शटर पडल्यावर पहिल्यांदा उघडला. ही चूक माझी, आणि ती मी मान्य करतो. वित्त कंपनी म्हणते, क्लास चालू की बंद याच्याशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. अजून ११ हप्ते, म्हणजे ८८ हजार रुपये बाकी आहेत.

नफ्याला माझा विरोध नाही. चांगले शिकवणाऱ्याने चांगले कमवावे. प्रश्न वेगळाच आहे. दोन वर्षांची फी पहिल्याच दिवशी हाती आली, तरी ती कमाई नव्हे. शिकवणे अजून व्हायचे आहे, तोवर ते क्लासचे विद्यार्थ्यांना देणे असते. हिशेबनीसाला हे पक्के ठाऊक असते. पण बँकेतल्या खात्यात ते पैसे आणि कंपनीचे स्वतःचे पैसे एकच होऊन जातात. त्यातून नवी शाखा निघते, चौकाचौकात टॉपर्सचे फ्लेक्स लागतात, दुसऱ्या क्लासचे नावाजलेले सर दुप्पट पगारावर आणले जातात. मग यंदाच्या बॅचचे पगार पुढच्या वर्षीच्या प्रवेशांतून द्यायची वेळ येते. एका वर्षी प्रवेश घटले की सगळा डोलारा बसतो. ऑनलाइन शिक्षणातल्या बायजूजचे उदाहरण देशापुढे आहे. अनेक महिन्यांच्या फीचे उत्पन्न कोणत्या वर्षात धरायचे ही पद्धत लेखापरीक्षणात बदलली, तेव्हा महसुलाचा मोठा भाग पुढच्या वर्षांत ढकलावा लागला आणि २०२०-२१ चा तोटा ४,५८८ कोटी रुपये निघाला. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली.

नियम नाहीत असे नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. नियम मोडल्यास पहिल्यांदा २५ हजार, दुसऱ्यांदा १ लाख दंड, नंतर नोंदणी रद्द. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींवर निर्बंध आणले, तेही योग्यच झाले. पण या साऱ्यात विद्यार्थी क्लास सोडून जातो असे धरले आहे. क्लासच विद्यार्थ्यांना सोडून गेला तर दहा दिवसांत पैसे कोण देणार? आणि एका मुलाच्या दोन वर्षांच्या फीपेक्षाही कमी असलेल्या दंडाची धास्ती कोणाला वाटणार? शिवाय ती तत्त्वेच आहेत, कायदा राज्याने करायचा. शेजारच्या गोव्यात तो २००१ पासून आहे. आपल्याकडे खासगी शिकवण्यांच्या कायद्याचा मसुदा २०१८ मध्ये तयार झाला होता, तो मसुदाच राहिला.

उपाय नव्याने शोधायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या इस्लामिक अकॅडमी प्रकरणात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना बजावले होते की, फी एका वेळी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच घ्यावी. आगाऊ घेतलीच तर चालू सत्राची किंवा वर्षाची तेवढी वापरावी आणि बाकीची राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी. घरबांधणीत तर हे रोज चालते. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याखाली बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि इंजिनीअर, आर्किटेक्ट व सीए यांनी काम किती झाले ते लिहून दिल्याशिवाय ते काढता येत नाहीत. बिल्डरचे दिवाळे निघाले तर दिवाळखोरी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीमुळे घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोंचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांसारखा दर्जा मिळतो, धनकोंच्या समितीत त्यांचा आवाज असतो. विटांसाठी पैसे देणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते मुलाच्या शिक्षणासाठी पैसे देणाऱ्याला का नसावे?

म्हणून राज्य सरकारकडे माझी एकच मागणी आहे. क्लासच्या कायद्यात फीचे स्वतंत्र खाते सक्तीचे करावे आणि जितके महिने शिकवून झाले तितकीच रक्कम कंपनीला काढता यावी. फीसाठी काढलेल्या कर्जाचे पैसेही त्याच खात्यात जमा व्हावेत. तसे झाले तर क्लास बंद पडला तरी उरलेली रक्कम वित्त कंपनीला परत जाईल आणि पालकाचा हप्ता तिथेच थांबेल. ज्या कंपन्या सचोटीने शिकवतात त्यांचे यात काहीच बुडत नाही.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे इतर पालकांनी ध्यानात ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पावती, कर्जाचा करार आणि हप्त्यांचे तपशील आजच छापून घ्यावेत. आमच्या बॅचमधल्या कित्येक पालकांकडे फीची पावतीच नाही. ती क्लासच्या ॲपमध्ये होती, आणि ते ॲप आता उघडत नाही.

आपला,
एक पालक