घड आत असतो

शरणपूर, नाशिक
१४ सप्टेंबर

प्रिय दिल्या,
सप्रेम नमस्कार.

क्षयाच्या गोळ्या बंद होऊन पंधरा दिवस झाले. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. एवढे दिवस लघवी केशरी व्हायची. ती पहिल्यांदा साधी झाली तेव्हा बाथरूममध्ये एकटाच हसलो. हे तुलाच सांगू शकतो.

फेब्रुवारीत तू फोनवर विचारलं होतंस, "आता तुझा येशू काय म्हणतो?" तू चिडवत नव्हतास, घाबरला होतास. मी क्रिकेटवर विषय नेला, कारण उत्तर नव्हतं. तेव्हा प्रार्थनाही होत नव्हती रे. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हटलं की खोकल्याची उबळ यायची, आणि ती थांबल्यावर पुढचं म्हणावंसं वाटायचं नाही.

त्यात चर्चच्या मंडळीतले एक काका भेटायला आले. मास्क लावून दारातच बसले. योहानाचा पंधरावा अध्याय काढला: येशू खरा द्राक्षवेल, पिता माळी, आणि माळी फाटे छाटतो. "तुलाही देवानं छाटलंय, जास्त फळ यावं म्हणून." माझं वजन नऊ किलो उतरलेलं. मी मान हलवली आणि ते गेल्यावर उशाखालचं बायबल कपाटात नेऊन ठेवलं.

एप्रिलअखेर डॉक्टरांनी बाहेर पडायला हरकत नाही म्हटल्यावर मामानं गिरणाऱ्याला मळ्यात नेलं. खरड छाटणी चालू होती. तू नाशिकचा असूनही द्राक्षं फक्त खाल्लीस, म्हणून सांगतो. गेल्या हंगामाची सगळी काडी कापतात, एखादा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो कोंब, ठेवून. हिरवं काहीच उरत नाही. तारेवर नुसते वाळके हात. कडुनिंबाखाली बाजेवर पडून मी बघायचो आणि वाटायचं, बाग संपली. आठ-दहा दिवसांत डोळे फुटले, फुटी वाढल्या. मग पाऊस आला, पानांवर डावणी रोग आला, मामाच्या फवारण्या आणि शिव्या सुरू झाल्या. नुसता पाला. मीही तसाच, भूक लागायची, पण चार पावलं चाललं की धाप.

गेल्या आठवड्यात मामा काड्या तपासायला प्रयोगशाळेत घेऊन गेला, मलाही बरोबर नेलं. गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरातल्या छाटणीआधी, बघून घेतात, कुठल्या डोळ्यात घड आहे. तिथल्या पोरानं डोळा ब्लेडनं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "बघा काका." पांढरट, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी. घड! तो मे-जूनमध्येच ठरतो म्हणे, छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये जो तोडायचा, तो. म्हणजे मी बाजेवर पडून बाग संपली म्हणत होतो, त्याच्या मागोमाग हे आत चाललं होतं.

पौल रोमकरांना लिहितो ना, जे दिसतं त्याची आशा कोण धरील? ते वाक्य लहानपणापासून पाठ आहे. पण त्या दिवशी सूक्ष्मदर्शकावरून माझा डोळा हटवेना तेव्हा मामानं खांद्याला धरून बाजूला केलं.

घरी येऊन बायबल काढलं, पंधरावा अध्याय पुन्हा वाचला. काका दुसऱ्या ओवीवर थांबले होते. तिसरीत येशू शिष्यांना म्हणतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध आहात. म्हणजे माळ्याची कात्री वचन आहे, क्षयाचा जंतू नव्हे! काकांशी भांडायला जाणार नाहीये. त्यांनी पेरू आणले होते, चांगले होते. पण आजार देवानं पाठवला हे मी मानत नाही. तो बाजेपाशी होता, एवढं आता मानतो. तेव्हा कळलं नाही, तेही खरं.

तुला हे पटावं असा आग्रह नाही. तू विचारलं होतंस, उत्तर द्यायला सात महिने लागले.

अजून जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. सकाळी चर्चच्या आवारात दोन फेऱ्या मारतो. आजी असती तर ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती भजन म्हणत मागून आली असती. तिला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं जन्मगाव जलालपूर इथून जवळ असल्याचा कोण अभिमान!

ऑक्टोबरात गोडी छाटणी आहे. काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावायला मामा मला फिरकू देणार नाही, ते औषध वाईट असतं. मी बांधावर बसणार आहे. तू पुण्याहून ये, आणि येताना वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण. तिखट आता चालतं.

तुझा,
सॅम