'थरारक' ठीक, 'वास्तवदर्शी' कसा?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विमानावरच्या एका हिंदी चित्रपटाचं परीक्षण आलं. त्यात त्याला 'थरारक आणि वास्तवदर्शी' म्हटलंय. थरारक असेल. दुसऱ्या शब्दाला माझी हरकत आहे.

मी वैमानिक नाही. 31 वर्षं एसटी चालवली. पण घर गोंदियाजवळ, बिरसी विमानतळाच्या शेजारी, आणि वरच्या खोलीत विमान चालवायला शिकणारा एक मुलगा भाड्यानं राहतो. त्याचा अभ्यास म्हणजे ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची आणि समोर भिंतीला चिकटवलेलं कॉकपिटचं चित्र. डोळे मिटून हवेत बोट नेत, पुटपुटत तो एकेक बटण लावतो. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरच्यांना आधी वाटलं, पोराला बाहेरचं काही लागलं.

तो सिनेमा मी त्याच्यासोबतच पाहिला. हिरो कॅप्टन घामाघूम होऊन एकटाच दांडा ओढतो, बाजूचा को-पायलट रडतो. पोरगा हसतच सुटला. "काका, को-पायलट म्हणजे क्लीनर नव्हे." एका फेरीला एक चालवतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो आणि रेडिओ सांभाळतो, पुढच्या फेरीला उलट. ताबा घेताना-देताना दोघांनीही तसं तोंडानं म्हणायचं. सिनेमातले ड्रायव्हर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावी-उजवी करतात तेव्हा मला जे होतं, तेच त्याला झालं असावं.

15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून विमानाची दोन्ही इंजिनं गेली. तेव्हा विमान को-पायलटच्या हाती होतं. कॅप्टन म्हणाला, 'माझं विमान'. को-पायलट म्हणाला, 'तुमचं विमान', आणि तपासणीची यादी वाचायला लागला. यादी पुरी व्हायच्या आत, 208 सेकंदांत, विमान हडसन नदीवर उतरलं. 155 च्या 155 वाचले. आरडाओरडा नाही. यावर 2016 मध्ये 'सली' नावाचा इंग्रजी सिनेमा निघाला, तर त्यात चौकशी अधिकाऱ्यांनाच खलनायक केलं. त्यांनी पुढे नाराजीही बोलून दाखवली. खलनायक नसला तर तिकीट खपत नसेल!

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं, हेही सिनेमाचंच. 2001 मध्ये अटलांटिकवर एका मोठ्या विमानाचं इंधन संपलं. ते सुमारे 19 मिनिटं नुसतं तरंगत बेटावर उतरलं. (घाटात गाडी न्यूट्रल करणाऱ्यांनी यावरून काही शिकू नये.) रात्री पिऊन सकाळी उडणारा हिरो तर सोडूनच द्या. आपल्याकडे उड्डाणाआधी 12 तास थेंबही चालत नाही, वर फुंकून दाखवावं लागतं.

आणि उतरता उतरता विमान परत वर उचललं की पडद्यावर प्रवासी किंचाळतात. उतरणं नीट जमत नसेल तर उचलायचंच, हा नियम आहे. आमच्याकडे तर शिकणारी पोरं सरावासाठी चाकं टेकवून लगेच पुन्हा उडतात, दिवसभर. बांधीत भाताचा रोवणा (लावणी) करणाऱ्या बाया मान वर करत नाहीत.

आपल्या परीक्षकांनी एकदा इकडे यावं. ओसरीवर दुसरी खुर्ची टाकतो. तोवर 'थरारक' खुशाल लिहा.

– एक निवृत्त एसटी चालक, बिरसी परिसर, जि. गोंदिया