चष्म्याला टूथपेस्ट लावू नका

महोदय,

चष्म्यावरचे ओरखडे टूथपेस्टने घालवा, असा सल्ला घरगुती उपायांच्या सदरांत वारंवार छापून येतो. कृपया तो छापणे थांबवावे. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. तिने ओरखडा जात नाही, आजूबाजूचे कोटिंग मात्र निघते आणि काच कायमची धुरकट होते.

हल्लीच्या बहुतेक काचा प्लास्टिकच्या असतात. त्यातला पॉलिकार्बोनेट हा प्लास्टिकचा प्रकार आपटला तरी सहसा फुटत नाही, म्हणून मुलांसाठी तो उत्तम. पण तो इतका मऊ असतो की हार्ड कोटशिवाय, म्हणजे ओरखडे रोखणाऱ्या कडक थराशिवाय, टिकत नाही. हा कोट जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा. त्यावरचा चकाकी घालवणारा अँटी-रिफ्लेक्शन थर तर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. उलट धुळीतल्या क्वार्ट्झची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची, कठीणता १ ते १० च्या मोहस मापनावर ७ भरते. अस्सल काचही त्यापुढे हरते. त्यामुळे ‘स्क्रॅच-प्रूफ’ या दाव्यावर विसंबू नये. कोरडी काच शर्टाच्या टोकाने पुसली की हेच कण तिच्यावर रगडले जातात.

आधी नळाच्या साध्या पाण्याखाली धूळ वाहून जाऊ द्यावी. मग भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब बोटांनी दोन्ही बाजूंना आणि नाकाच्या पॅडजवळ फिरवावा, धुवावे आणि मायक्रोफायबर कापडाने टिपावे. ते कापडही अधूनमधून धुवायला हवे, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता. अॅसिटोन आणि अमोनियायुक्त ग्लास क्लीनर लांबच ठेवावेत.

‘ओरखडे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत उष्णतेने तडकलेले कोटिंगही असते. तापल्यावर प्लास्टिक जितके प्रसरण पावते, तितका वरचा अँटी-रिफ्लेक्शनचा ऑक्साइड थर पावत नाही. तो ताणला जाऊन तडकतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड, कढत पाणी, हेअर ड्रायर ही नेहमीची कारणे. काच दिव्याखाली तिरकी धरून पाहा: ओरखडे सुटे, पुसण्याच्या दिशेने गेलेले दिसतात, उष्णतेच्या चिरा जाळीसारख्या पसरलेल्या असतात.

नवा चष्मा घेताना बिलावर काचेचे मटेरियल आणि हार्ड कोट दोन्ही बाजूंना आहे का, हे लिहून घ्यावे. वॉरंटी ओरखड्यांसाठी आहे की फक्त कोटिंग सुटण्यासाठी, हेही तेव्हाच विचारावे; पुष्कळदा ती फक्त कोटिंग सुटण्यासाठीच असते.

आपला,
एक ऑप्टिशियन वाचक