आरटीओबाहेरच्या काकांचे आभार

हुबळीहून घेतलेली जुनी वॅगनआर ठाण्यात नावावर करताना सगळं अडलं ते बोज्यापाशी, म्हणजे आरसीवरच्या कर्जाच्या नोंदीपाशी. विक्रेत्याने कर्ज फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. ते उतरल्याशिवाय तिकडच्या आरटीओची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला ना-हरकत) नाही आणि एनओसीशिवाय ठाण्याचा एमएच-०४ नंबर नाही.

ठाण्याच्या आरटीओबाहेर फॉर्म भरून देणाऱ्या काकांनी फोन मागून घेतला आणि विक्रेत्याला थेट कन्नडमध्ये समजावलं. आमच्या हिंदीने जे होत नव्हतं ते त्या एका फोनवर झालं! त्याला सांगितलं, कर्ज फिटल्याच्या बँकेच्या ना-हरकत पत्राची मुदत आधी बघा, संपली असेल तर नवीन घ्या. बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का हवाच. थकलेली ई-चलानं भरून टाका. मग एनओसीचा अर्ज, फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल छाप.

छाप कसा घ्यायचा ते तर व्हिडिओ कॉलवर दाखवलं. नंबरावरची माती रॉकेलच्या बोळ्याने पुसायची. पॉलिश पेपर अजिबात नाही, ओरखडे दिसले की नंबर खोडल्याचा संशय येतो. वर पातळ कागद घट्ट चिकटवायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायची.

पैसे विचारले तर म्हणाले, "झेरॉक्सचे तेवढे द्या. आणि इथल्या टॅक्सची पावती जपा, कर्नाटकातला परतावा मागताना लागेल."

काका, गाडी नावावर झाली. मनापासून आभार. हुबळीच्या बँकेत जेवणाची सुट्टी असूनही शिक्के मारून देणाऱ्या ताईंचेही.